घरात रांगणारं मूल आहे? जिना, ओटा, गच्ची आणि स्वयंपाकघराला सेफ्टी गेट असं बसवा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, सोबत नऊ-दहा महिन्यांचं नातवंड असतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत मग महिनाभर गजबज असते, आणि त्या गजबजीतच ते पोर ओसरीतून रांगत जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीला हात घालतं. घर मोठ्यांच्या सोयीनं मांडलेलं असतं. अंगणातून गच्चीवर जाणारा उघडा जिना, कठडा नसलेला ओटा, खाली मांडलेली शेगडी, पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपं, स्टँडवरचा कूलर. त्यात घरात माणसं पुष्कळ असली की प्रत्येकाला वाटतं, पोराकडे दुसरं कोणीतरी बघतंय.

अशा घरात सेफ्टी गेट फार कामाला येतं. पण बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारं तयार गेट ज्या घराचा विचार करून बनवलेलं असतं, तसं आपलं घर नसतं. त्या गेटला दोन्ही बाजूंना सरळ, पक्क्या भिंती लागतात आणि मधलं अंतर साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर. आपल्याकडे जिन्याच्या एका बाजूला भिंत तर दुसरीकडे स्टीलचा गोल पाइप. ओटा आठ-दहा फूट रुंद. जुन्या धाब्याच्या घरात तर भिंतच मातीची. त्यामुळे गेट आधी मागवून मग ते कुठे बसतंय हे बघत बसू नका. आधी जागा ठरवा, मग माप घ्या, मग भिंत तपासा आणि सगळ्यात शेवटी गेट घ्या किंवा बनवून घ्या.

कधी बसवायचं

बहुतेक मुलं सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान रांगायला लागतात. पायऱ्या चढणं त्यांना चालण्याच्याही आधी जमतं, उतरणं मात्र खूप उशिरा जमतं. वर पोचलेलं मूल खाली यायचं म्हटलं की डोकं पुढे करून निघतं, आणि पडतं ते तिथेच. म्हणून मूल पालथं पडून पोटावर सरकू लागलं की गेटच्या तयारीला लागा. सहावा महिना ही बरी वेळ. लेक माहेरी येणार असेल तर ती यायच्या आधी आठ-पंधरा दिवस गेट बसलेलं असावं, म्हणजे घरातल्या मोठ्यांनाही ते उघडायची-लावायची सवय होते.

गेट साधारण दोन वर्षांच्या वयापर्यंतच भरवशाचं. युरोपात अशा गेटसाठी ईएन १९३० नावाचं मानक आहे, तेही २४ महिन्यांपर्यंतच्या मुलांचाच विचार करतं. अमेरिकेत एएसटीएम एफ १००४ आहे. तयार गेट घेताना खोक्यावर यातलं एखादं नाव दिसतं का, हे बघून घ्या.

आधी घर फिरा

दुपारी घर शांत असताना जमिनीवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून घर बघा. कुठे कुठे गेट हवं, याची एक यादी करा. गेट सगळीकडे लावायचं नसतं. ज्या खोलीला दार आहे तिथे दार लावून वर कडी घालणं हे गेटपेक्षा पक्कं. जिथे दार नाही किंवा दार लावून घेता येत नाही, तिथेच गेट. बहुतेक घरांत अशा तीन-चारच जागा निघतात: जिन्याचं वरचं तोंड, जिन्याचं खालचं तोंड, स्वयंपाकघराची वाट आणि ओट्याच्या पायऱ्या.

अनेक घरांत यावर जुना उपाय असतो: दारात बाज आडवी उभी करणं, पाट लावणं, नाहीतर पाण्याचं पिंप सरकवून वाट अडवणं. दोन मिनिटांसाठी ठीक. पण उभी केलेली बाज मुलानं धरून ओढली की त्याच्याच अंगावर येते, आणि तिची नवार किंवा सुंभाची वीण म्हणजे चढायला आयत्या पायऱ्या. भरलेलं पिंप तर तिथे अजिबात नको, पाण्याचा वेगळाच धोका दारात आणून ठेवल्यासारखं होतं.

चॅनल गेटबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे व्हरांड्याला आणि जिन्याला ते सर्रास असतं आणि "आमच्याकडे गेट आहे की" असं उत्तर मिळतं. घडी होणाऱ्या त्या पट्ट्यांमध्ये पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या फटी असतात आणि गेट सरकलं की त्या मिटतात. मुलाची बोटं त्यात सापडतात. अशाच घडीच्या लाकडी गेटांमध्ये डोकं अडकून अमेरिकेत मुलं दगावली होती, आणि तिथल्या उत्पादकांनी ती जुनी रचना १९८५ च्या सुमारास बंद केली. चॅनल गेट चोरापासून वाचवतं, रांगत्या मुलासाठी ते नाही. ते असेल तर त्याच्या अलीकडे हातभर अंतर सोडून दुसरं साधं गेट लावा.

दाबावरचं गेट आणि स्क्रूचं गेट

तयार गेटांत दोनच मुख्य जाती. एक दाबावर उभं राहणारं. त्याच्या चार कोपऱ्यांना रबरी टोकं असतात, नट फिरवला की ती भिंतीला दाबून बसतात. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, म्हणून लोकांना ते आवडतं. दुसरं स्क्रूनं भिंतीत पक्कं बसवायचं.

यात एक नियम असा आहे ज्यात तडजोड चालत नाही: जिन्याच्या वरच्या तोंडाला फक्त स्क्रूचं गेट. दाबावरचं गेट तिथे कधीच नको, आणि याला दोन कारणं आहेत. एक, मूल त्याला धरून रोज हलवतं, दाब हळूहळू सुटतो आणि एके दिवशी गेट मुलासकट खाली जातं. दोन, दाबावरच्या गेटला खाली जमिनीलगत एक आडवा पाइप असतो. तो नेहमी तिथेच राहतो, गेट उघडलं तरी. जिन्याच्या अगदी तोंडावर दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा पाइप म्हणजे कडेवर मूल घेऊन येणाऱ्या आजीला ठेच लागायची पक्की सोय. ज्या घरात गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं आहेत, तिथे मी सपाट वाटेवरसुद्धा खालच्या पाइपचं गेट सुचवणार नाही.

दाबावरचं गेट दोन खोल्यांमधल्या वाटेला, स्वयंपाकघराच्या पक्क्या चौकटीला आणि जिन्याच्या खालच्या तोंडाला चालतं. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर त्याची रबरं घसरतात. सोबत येणाऱ्या छोट्या वाट्या भिंतीला स्क्रूनं बसवून त्यांत रबरी टोकं टेकवली तर ती जागची हलत नाहीत. त्या वाट्या खोक्यात तशाच पडून राहतात, असं होऊ देऊ नका.

माप घेताना

टेप घ्या आणि रुंदी तीन ठिकाणी मोजा: जमिनीपासून चार बोटं वर, मध्ये, आणि जिथे गेटचं वरचं टोक येईल तिथे. आपल्याकडच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. तिन्ही मापांतलं सगळ्यात लहान माप गेट निवडताना धरायचं, आणि फरक एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तयार गेटऐवजी बनवून घेण्याचा विचार करायचा.

खाली स्कर्टिंग असतंच. टाइल किंवा कोटा दगडाची ती पट्टी भिंतीच्या पुढे सेंटिमीटरभर येते. त्यामुळे गेटचा उभा पाइप खाली स्कर्टिंगला टेकतो आणि वर भिंतीपासून सुटतो. यावर उपाय सोपा आहे. स्कर्टिंगच्या जाडीइतकी लाकडी पट्टी वरच्या भिंतीला उभी मारायची आणि गेट त्या पट्टीवर घ्यायचं.

उंची किती? मुलाच्या उंचीच्या निदान पाऊणपट. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे ६५ सेंटिमीटर लागतातच. मी अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास घ्या म्हणेन, आणि जिन्याच्या वरच्या तोंडाला तीन फूट. गेटच्या खालची फट दोन इंचांपेक्षा जास्त नको. मूल त्यातून पाय घालून सरपटतं.

फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेताना

आपल्या भागात गावोगावी ग्रिल आणि गेट बनवणारी वेल्डिंगची दुकानं आहेत, आणि ओट्यासाठी किंवा आडमापाच्या जिन्यासाठी तोच खरा मार्ग. पण तो माणूस रोज खिडकीच्या ग्रिल आणि अंगणाची गेटं बनवतो. "लहान पोरासाठी गेट" एवढंच सांगितलं तर तो त्याच्या सवयीनं चार इंचांवर सळया मारून देईल, वर मधोमध दोन आडव्या पट्ट्या आणि एखादं फूल काढून. म्हणून कागदावर आकृती काढून, मापं लिहून द्या.

सांगायच्या गोष्टी अशा. चौकट एक इंची चौकोनी पाइपची, आतल्या सळया फक्त उभ्या. मध्ये आडवी पट्टी नको, नक्षी नको, कारण जिथे पाय टेकतो तिथून मूल चढतं. दोन सळयांमधली मोकळी जागा दोन ते अडीच इंच. इथे एक घोळ हमखास होतो. कारागीर माप सळईच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरतो, तुम्ही मोकळी जागा म्हणत असता. चार सुती सळई अर्धा इंच जाड, त्यामुळे तीन इंच मध्य-ते-मध्य धरलं की मोकळी फट अडीच इंच राहते. ही गोष्ट बारीक वाटेल, पण फट चार इंच झाली की लहान मुलाचं अंग पायाकडून पलीकडे निघून जातं आणि डोकं अडकतं. तशा वेळी मूल लटकतं. त्यामुळे या एका मापासाठी कारागिराशी वाद घालावा लागला तरी घाला.

बिजागरीच्या बाजूला गेट आणि खांब यांच्यात फट राहते, तिथे बोट चेमटतं. ती फट एकतर पाच मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगा नाहीतर बारा मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. मधलं माप म्हणजे नेमकं लहान बोट आत जाऊन अडकण्याचं. कडी आतल्या बाजूला, मुलाच्या हाताशी नको. नुसती सरकवायची कडी दीड वर्षाचं मूल बघून बघून शिकतं. स्प्रिंगची कडी घ्या, जी आधी वर उचलावी लागते आणि मग सरकते, म्हणजे दोन वेगवेगळ्या हालचाली. पण मोठ्यांना ती एका हातानं उघडता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर मूल असतं. कुलूप कधीच नको. रात्री वीज गेली, धूर झाला, घाईनं खाली यावं लागलं, तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

गेट तयार झालं की रंग लावायच्या आधी दुकानात जा. जुनं सुती फडकं घ्या, धोतराचा किंवा साडीचा तुकडा असला तरी चालेल, आणि ते सगळ्या सांध्यांवरून, सळयांवरून, कोपऱ्यांवरून दाबून फिरवा. जिथे कापडाचा धागा अडकला तिथे वेल्डिंगचा कण टोकदार राहिलाय. तिथे खडूनं खूण करा आणि ग्राइंडर मारून घ्या. हातानं तपासलं तर आपल्या राठ बोटांना ते कळत नाही, मुलाच्या गालाला कळतं. पाइपची उघडी तोंडं वेल्डिंगनं किंवा प्लास्टिकच्या टोपीनं बंद करून घ्या.

रंगाचं मात्र नीट बघा. दात येणारं मूल गेटचा वरचा पाइप चावतं, हे गृहीत धरूनच चाला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवली आहे आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण ही मर्यादा घरगुती रंगांना आहे. वेल्डिंगच्या दुकानात पडलेला औद्योगिक रंगाचा जुना डबा त्यात मोडेलच असं नाही. म्हणून रंग तुम्ही विकत आणून द्या, ज्याच्या डब्यावर शिसं नसल्याचं छापलेलं असेल असा. आधी रेड ऑक्साइड प्रायमर, वर दोन हात. रेड लेड नावाचा शेंदरी प्रायमर वेगळा, तो शिशाचाच असतो, तो नको. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत गेट घरात आणू नका.

भिंत आणि ड्रिल

गेट कितीही चांगलं असलं तरी ते ज्या चार स्क्रूंवर उभं आहे तेवढंच त्याचं बळ. विटेच्या भिंतीवर साधारण दीड-दोन सेंटिमीटर प्लास्टर असतं. स्क्रू नुसता प्लास्टरमध्ये राहिला तर पहिल्या धक्क्यात खपल्यासकट बाहेर येतो. म्हणून निदान ५० मिलिमीटरचा स्क्रू आणि त्याच्या मापाची गिट्टी, म्हणजे भोकात ठोकून बसवायचा प्लग.

ड्रिल मारताना बाहेर येणाऱ्या भुकटीकडे बघत राहा, आत काय आहे ते तीच सांगते. आधी करडी येते, ते प्लास्टर. मग लाल येऊ लागली की वीट लागली, तिथून पुढे निदान तीन सेंटिमीटर आत जाऊ द्या. लाल येतच नाही, करडी वाळू भसाभस गळतेय आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातंय, तर तुम्ही दोन विटांच्या सांध्यात आहात. ते भोक सोडा, दोन-तीन सेंटिमीटर वर किंवा खाली नवं पाडा. पांढरट भुकटी आणि फारच सहज काम होत असेल तर नव्या इमारतींतले हलके ब्लॉक असतील, त्यांना वेगळ्या गिट्ट्या मिळतात, दुकानात तसं सांगून घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल मारू नका, वायरीचा पाइप तिथूनच जातो. टाइलवर भोक पाडायचं तर आधी चिकटपट्टी लावा आणि ड्रिलचा ठोकण्याचा मोड बंद ठेवून सुरुवात करा, नाहीतर टाइल तडकते.

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे हट्ट करू नका. जुन्या घरांना सागाच्या जाड चौकटी असतात, त्या चौकटीलाच लाकडाचे स्क्रू मारून गेट बसवा. आधी बारीक भोक पाडून घ्या, म्हणजे जुनं लाकूड चिरणार नाही. जिथे हवं तिथे चौकट नसेल तर गेटला स्वतःचे दोन उभे खांब करून घ्या आणि ते फरशीखालच्या काँक्रिटमध्ये अँकर फास्टनरनं बसवा. सारवलेल्या जमिनीवर हेही जमणार नाही. तिथे गेटची जागाच बदलून जवळच्या दाराच्या चौकटीपर्यंत मागे या.

जिन्याला एका बाजूला स्टीलचं रेलिंग असेल तर बिजागरी भिंतीच्या बाजूला आणि कडी रेलिंगच्या बाजूला घ्या. वजन भिंतीनं पेलायचं. रेलिंगच्या गोल खांबाला दोन इंची लाकडी पट्टी यू-बोल्टनं वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी आवळा आणि कडीचं घर त्या पट्टीवर बसवा. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर घरमालकांशी आधी बोला. चार भोकं नंतर बुजवून देतो म्हटलं की बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, आणि नाहीच म्हणाले तर मुलाला वरच्या मजल्यावर न ठेवणं हाच मार्ग आहे. दाबावरचं गेट वर लावून वेळ मारून नेऊ नका.

जिना

वरचं गेट पहिल्या पायरीच्या कडेवर नको, थोडं मागे, सपाट चौकावर हवं. ते चौकाच्या बाजूनं उघडावं, जिन्याकडे नाही. जिन्याकडे उघडणारं गेट ढकलताना माणसाचा तोल पुढे जातो, आणि मूल त्याला टेकून उभं असेल तर तेही सोबत जातं. बनवून घेतलेल्या गेटाला जिन्याकडे जाऊ न देणारी अडणी लावायला सांगा.

खालचं गेट पहिल्या पायरीच्या अलीकडे. काही जण ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर लावतात, खेळायला दोन पायऱ्या राहू दे म्हणून. एक पायरी ठीक, त्याहून वर नको.

रेलिंगसुद्धा बघून घ्या. अलीकडे घरोघरी स्टीलच्या आडव्या पाइपांचं रेलिंग दिसतं. ते मुलासाठी शिडीच आहे. गेट लावूनही मूल बाजूच्या रेलिंगवर चढलं तर उपयोग काय? आतल्या बाजूनं जाड पारदर्शक पत्रा किंवा बाल्कनीला लावतात तसली नायलॉनची जाळी ताणून बांधा, गाठी बाहेरच्या बाजूला.

ओटा, गच्ची आणि आपला उन्हाळा

ओट्याच्या पायऱ्यांपुढे गेट आणि उरलेल्या रुंदीला पक्की जाळी, असं एकत्र बनवून घ्यावं लागतं. बाहेरचं काम असल्यानं इथे ऊन हा मोठा प्रश्न आहे. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी लोखंडी गेटला मोठ्या माणसाचा हात लागला तरी तो झटकन मागे येतो, मुलाच्या तळहाताला तर फोड येतील. पश्चिमेकडून ऊन येणाऱ्या ओट्यावर वरचा पाइप लाकडी घ्या किंवा त्यावर सुती कापड घट्ट शिवून घ्या, आणि रंग फिकट निवडा. तयार प्लास्टिकचं गेट बाहेर लावू नका. एका उन्हाळ्यात ते पांढरं पडतं, ठिसूळ होतं आणि धक्क्याला तुटतं. दाबाच्या गेटची रबरंही उन्हानं कडक होतात.

उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवायला सगळ्या बायका गच्चीवर, आणि रात्री अंथरुणंही गच्चीवर. म्हणजे जिन्यावरून दिवसभर ये-जा, हातात ताटं, चादरी, कळशा. अशा दिवसांत गच्चीच्या दाराशीही गेट हवं, फक्त जिन्याच्या खाली नाही. गच्चीचा कठडा एक मीटरपेक्षा कमी असेल तर मुलाला तिथे मोकळं सोडू नका, नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही किमान उंची तेवढीच सांगितलेली आहे. कठड्यालगत बाज, पाण्याची टाकी, विटांचा ढीग असलं काही असू नये. मूल त्यावर चढलं की कठडा त्याच्या गुडघ्याएवढाच उरतो.

स्वयंपाकघर

गेट शेगडीपासून निदान दोन हात दूर, दाराच्या चौकटीत. पलीकडून मुलाचा हात कढईच्या दांड्याला किंवा टॉवेलला पोचता कामा नये. उघडं, ओसरीला लागून असलेलं स्वयंपाकघर असेल आणि वाट पाच-सहा फुटांची असेल, तर एका गेटला ताण देऊन बसवू नका. जोडत जायच्या कप्प्यांचं लांब गेट मिळतं, ते दोन्ही टोकांना भिंतीत स्क्रूनं धरा.

पुरणपोळ्यांच्या दिवशी मांडे भाजायचं खापर बाहेर अंगणात किंवा मागच्या पडवीत चुलीवर चढतं, आणि तिथे कुठलंच गेट नसतं. मांडे करताना बाईचे दोन्ही हात गुंतलेले, नजर पोळीवर. खापर चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ चटका देतं आणि राखेखालचे निखारे तर दिसतही नाहीत. अशा दिवशी उलटं करा. चुलीला कुंपण घालण्यापेक्षा मुलालाच गेट लावलेल्या खोलीत, एका ठरलेल्या मोठ्या माणसाजवळ ठेवा. हिवाळ्यात भरताची वांगी भाजायला जाळ होतो, तेव्हाही हेच.

पाणी आणि कूलर यांच्यापुढे गेट एकटं पुरत नाही. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहान मूल त्यात तोंड बुडवून गुदमरू शकतं, म्हणून न्हाणीघराचं दार बंद, वर कडी, रिकाम्या बादल्या पालथ्या, हौदाला जड झाकण. कूलरला अर्थिंग नीट आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून दरवर्षी मार्चमध्येच बघून घ्या आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवा. पत्र्याच्या कूलरपुढे गेटचा एखादा कप्पा आडवा लावता आला तर फारच चांगलं.

घरातली माणसं

गेट नापास होतं ते बहुतेक वेळा उघडं राहिल्यामुळे. म्हणून घरातल्या प्रत्येकाकडून एकदा ते उघडून-लावून घ्या, आजोबांपासून धुणीभांडी करणाऱ्या मावशींपर्यंत. आपोआप बंद होणारं गेट असलं तरी "खट्" असा आवाज ऐकूनच पुढे जायचं.

गेट ओलांडून जायचं नाही. घाईत पाय वर टाकून जायची सवय पुरुषांना लवकर लागते, आणि ते बघून मूल चढायला शिकतं. साडीचा काठ किंवा गाऊन त्यात अडकतो. पायाखालचं न दिसणाऱ्या वेळी, वीज गेल्यावर तर नकोच. जिन्याच्या तोंडाशी बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवा. मोठ्या भावंडांना गेटवर उभं राहून झोके घेऊ देऊ नका, बिजागरी त्यानंच सैल होते.

कानबाईच्या सणाला किंवा लग्नघरात पन्नास माणसं येतात-जातात. गेट उघडं टाकणारा पाहुणा वाईट नसतो, त्याला सवय नसते. त्या दिवशी एका माणसाचं नाव घ्या: आता जेवणं होईपर्यंत पोर मामीकडे, नंतर काकांकडे. ती व्यक्ती उठताना दुसऱ्याला तोंडानं सांगून उठेल. नाहीतर "पोऱ्या कोठे ग्या?" हे विचारायची वेळ येते तेव्हा सगळेच एकमेकांकडे बघतात. गेटच्या बाहेरच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक घुंगरू घट्ट बांधून ठेवलं तर गेट हललं की आतल्या खोलीतही कळतं.

दर आठवड्याला दोन्ही हातांनी गेट धरून जोरात हलवून बघा. स्क्रू आवळा, दाबाचे नट फिरवा, कडीला तेलाचा थेंब द्या.

तरीही मूल पडलंच तर

त्याला हलवू-झुलवू नका. शुद्ध हरपली, परत परत उलट्या झाल्या, झटका आला, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव आला, मूल नेहमीपेक्षा वेगळं सुस्त वाटलं, टाळू फुगलेली दिसली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. एक वर्षाच्या आतलं मूल उंचावरून पडलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गेट काढताना

मूल गेटवरून पाय टाकू लागलं, कडी उघडू लागलं किंवा त्याची छाती गेटच्या वर आली, की गेट त्याच दिवशी काढा, वय काहीही असो. चढणाऱ्या मुलासाठी गेट म्हणजे पडायची उंची वाढवणं. त्याच्या आधीपासूनच, सव्वा-दीड वर्षापासून, मूल पायऱ्यांवर असताना मागे बसून त्याला उलटं, पोटावर, पाय आधी टाकत उतरायला शिकवा. रोज थोडा वेळ केलं की ते शिकतं. या शिकवण्याच्या दिवसांत गेट बसलेलंच ठेवून फक्त तुमच्यासमोर उघडं ठेवा.

भिंतीतली भोकं वॉल पुट्टीनं बुजवा. गेट नणंदेच्या किंवा जावेच्या घरी जाणार असेल तर सगळे स्क्रू, वॉशर, भिंतीच्या वाट्या आणि मापांचा कागद एका पिशवीत घालून गेटलाच बांधा. एखादा भाग हरवला असेल तर तो आधी आणून द्या, आणि त्यांच्या भिंतीचं माप वेगळं असणार हेही सांगा.